दिवाळं निघालेल्या घरातून

मस्तगड, जालना
पौष शुद्ध सप्तमी, शके १८५३

तीर्थस्वरूप दादांना धाकट्या दुर्गेचा वाकून नमस्कार. नंदावहिनींनाही सांगावा. उषाला पोटभर आशीर्वाद.

इकडं आम्ही बरे आहोत. म्हणजे जिवंत आहोत आणि दोन्ही वेळा चूल पेटते. ही बातमी तुम्हाला आवडेल की न्हाई ते सांगता येत नाही, म्हणून आधीच लिहून टाकली. थंडी पुष्कळ आहे. तूर यंदा बरी दिसते म्हणतात. आमचं रान आता आमचं नाही, तेव्हा लोकांची तूर बघून खूश होते.

तुमचं पत्र मिळालं. उषाचं लग्न फाल्गुनात धरलं, वाचून फार बरं वाटलं. तिची आई, आधीच्या वहिनी, गेल्या तेव्हा उषा रांगत होती. पहिलं पाऊल तिनं माझ्या अंगणात टाकलं, हे तुम्ही विसरला नाहीत. म्हणूनच तर लिहिलंत की दुर्गे, आठ दिवस आधी ये, मांडवातलं सगळं तुझ्या हातानं होऊ दे. पुढं लिहिलंत, एकटी ये. त्याच्या पुढं लिहिलंत की कुणी विचारलंच तर जावई कामासाठी नांदेडला गेलेत असं सांग, कारण जाफराबादचे व्याही धर्मराजबापू मोठे इज्जतदार आहेत, दिवाळं निघालेल्या नादार माणसाच्या पंगतीला ते बसायचे नाहीत.

दादा, आमचे मालक नांदेडला गेलेले नाहीत. रोज सकाळी भाकर बांधून घेऊन दुसऱ्याच्या जीनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस तोलायला जातात आणि संध्याकाळी अंगभर रुई चिकटवून परत येतात. तिथल्या मालकानं त्यांना मोठ्या मनानं ठेवलं असं समजू नका. दिवाळखोराला पगार कमी दिला तरी चालतो, म्हणून ठेवलं. ठीक आहे. पगार वेळेवर मिळतो.

तुम्ही जे जे लिहिलंत ते मला नवीन नव्हतं. सारा जालना तेच बोलतो, तुमचं अक्षर तेवढं चांगलं आहे.

अदालतीत दिवाळ्याची दरखास्त दिली त्या दिवशी आमच्या आडतीच्या दुकानासमोर ही गर्दी जमली. मला वाटलं, घेणेकरी आले. बिलकुल नाही. दिवाळं काढणारा माणूस गादी उलटी करतो आणि भर दुपारी दिवा लावतो, असं त्यांनी कुणाकुणाकडून ऐकलेलं. तो दिवा बघायला आल्ते. एकजण सासऱ्याला घेऊन आल्ता. ह्यांनी दुकानाला कुलूप घातलं, किल्ली अदालतीच्या माणसाच्या हातात दिली आणि घरी आले. मंडळी बराच वेळ उभी होती. शेवटी कुणीतरी म्हणालं, ह्याला दिवाळंसुद्धा रीतीनं काढता येईना.

मग सोन्याची गोष्ट निघाली. आम्ही सोनं पुरून ठेवलंय हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त आम्हाला माहीत नाही. माझी चुलत जाऊ साळूबाई, जिला तुम्ही फार सोज्वळ म्हणता, ती मला आमच्या तुळशीपाशी सापडली. मी दळण घेऊन परत आले तर ही बाई खुरपं घेऊन बसलेली, बाजूला मातीचा ढीग. विचारलं तर म्हणे, माझी अंगठी पडली गं इथं. मी म्हटलं, मागच्या पावसापासून तुम्ही आमच्या अंगणात पाय ठेवला न्हाई, अंगठी एकटीच आल्ती का? मग मी तिच्याकडून माती परत लोटून घेतली, वर पाणी घालून घेतलं आणि मंग जाऊ दिलं. तुळस वाचली.

माझ्या हातात पाटल्या दिसल्या की बाया म्हणतात, बघा, लपवलेलं बाहेर निघालं. काढून ठेवल्या की म्हणतात, बघा, लपवलं. बदरोद्दीन वकिलांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाईचं स्त्रीधन बाईचं असतं, नवऱ्याच्या देण्यात ते ओढता येत नाही. इथल्या शहाण्यांना हे पटत नाही. पतिव्रता असती तर अंगावरचं उतरवून दिलं असतं, म्हणतात. ज्या बायका हे बोलतात त्या नवऱ्याला चोरून वाळवणं विकतात. पाटल्या मला बाबांनी दिल्या. मी घालते. भांडी घासतानाही घालते.

आणि सगळ्यात मोठी समजूत, जी तुमच्याही पत्रात आहे, ती ही की नादार झाला म्हणजे लोकांचा पैसा गिळून मोकळा झाला. गिळला असता तर दिसला नसता का आमच्या अंगावर? कापूस महाग असताना शेतकऱ्यांना पैसे देऊन बसले आणि भाव कोसळला, एवढीच त्यांची चोरी. अदालतीनं दुकान घेतलं, गाड्या घेतल्या, रान घेतलं. विकून आलं ते सगळ्यांना सारख्या हिशोबानं वाटलं. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी, असं तिथं चालत नाही. गयासोद्दीन गाडीवाले आमच्या दारात येऊन नको नको ते बोलून गेल्ते, त्यांनाही त्यांचा वाटा मिळाला आणि पेढीवाल्यालाही मिळाला. मुन्सफसाहेबांनी एकेकाला उभं करून विचारलं, ह्या माणसानं काही दडवलंय असं तुला माहीत आहे का? बाजारात सगळ्यांना माहीत होतं. शपथ घ्यायची म्हटल्यावर एकालाही माहीत नव्हतं. हे घरी येऊन मला सांगताना, पुष्कळ दिवसांनी, हसले.

रखमाजी आडत्याचं मात्र नाव निघालं की ह्याच लोकांचे डोळे भरून येतात. तुमचेही येतात. आमच्याच बाजारातला, ह्यांच्याच वयाचा, त्याच भावात बुडालेला. भादव्यात त्यानं स्वतःच्या विहिरीत जीव दिला. बाजार दिवसभर बंद होता. मरद होता, नाव राखलं, असं म्हणत माणसं स्मशानातून परत आली आणि तिथूनच त्याच्या घराकडं वळली. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं नेलं. कुणाला किती मिळालं, कुणाला काहीच न्हाई, विचारणारं कोणी नव्हतं. त्याच्या गोठ्यातली देवणी बैलजोडी तेराव्याच्या आधी भोकरदनला तुमच्या दावणीला आली, हे मी आजवर बोलले नाही. त्याची बायको पुष्पाबाई आता सरकी निवडायला जाते. दिवसभर खोकते. तिच्या नवऱ्यानं नाव राखलं ना, त्या नावावर वाणी तिला पीठ देत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. इतका वेळ बाकीचं लिहीत बसले, कारण हे कसं लिहावं समजेना.

तुमचे इज्जतदार व्याही धर्मराजबापू परवा आमच्याकडं आल्ते.

दुपारची वेळ. डोक्याला धोतराचं फडकं गुंडाळून, पाठीमागच्या गल्लीनं आले. मला वाटलं, चौकशी करायला आले असतील, सोयरिकीत नादार कोण निघाला ते बघायला. मी पाणी दिलं आणि आत जाऊन दाराशी उभी राहिले. बापूंनी पाणी प्यायलं न्हाई. ह्यांच्यासमोर बसले, आजूबाजूला बघितलं आणि विचारलं, "दरखास्त कशी देतात?"

ह्यांना समजेना. बापूंनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आवाज फुटला. दादा, ते बुडालेत. भावाच्या जीनला जामीन राहिले, भाऊ हैदराबादला निघून गेला, आता सगळं बापूंच्या मानेवर. जाफराबादेत अजून कुणाला माहीत नाही. तुम्हालाही न्हाई. मुलगा मच्छिंद्र, ज्याच्याशी आपल्या उषाचं ठरलंय, त्यालाही न्हाई. म्हणाले, "रखमाजीवानी करावं वाटून राह्यलं. तेवढं तरी बरं बोलतील लोक."

ह्यांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "लोक बरं बोलतील. तुमचं पोरगं काय ऐकंल ते बी धरा हिशोबात." आणि मग सांगितलं की पहिलं मच्छिंद्रला सांगा. मंग काकासाहेबांना, म्हणजे तुम्हाला, सांगा, लग्नाच्या आधी, नंतर न्हाई. पोरीच्या अंगावर जे सोनं येईल ते पोरीचं, त्याला हात लावायचा न्हाई. एवढं केलं तर वकिलाकडं मी संग येतो.

बापू मुलाला सांगायला कबूल झाले. तुमचं नाव निघालं की मात्र मान हलवायचे. भोकरदनच्या ओसरीवर हे तोंडातून निघायचं न्हाई म्हणाले. मला बाहेर बोलावलं. म्हणाले, बाई, तुम्ही लिहा, मंग मी गुरुवारी जाऊन समोर बसतो. म्हणून लिहिते. ज्यांच्यासाठी तुम्ही आमच्या मालकाला नांदेडला पाठवत होता, ते आमच्या घोंगडीवर बसून रडून गेले.

तुम्ही हे वाचून काय कराल ते मला डोळ्यांपुढं दिसतं. लाल व्हाल, कागद फेकाल, वहिनींवर ओरडाल. करा. पण गुरुवारच्या आधी एक गोष्ट वाचा. ती मी मरेपर्यंत लिहिणार नव्हते.

अश्विनात तुम्ही आमच्याकडं आल्तात. दोघं ओसरीवर जेवत होता, मी आत भाकरी थापत होते. तुम्ही ह्यांना म्हणालात, रान माझ्या नावावर करून द्या आणि मंग हात वर करा, कोण काय करतं बघू. हे म्हणाले, "काकासाहेब, ती चोरी झाली." तुम्हाला राग आला. अदालतीत जाऊन आमच्या घराण्याची अब्रू काढणार असाल तर, असं म्हणून तुम्ही थांबलात, आणि म्हणालात, "रखमाजीकडं बघा. मरद होता. नाव राखलं त्यानं." आणि आत हाक मारलीत, दुर्गे, ताक आण. मी आणलं. तुम्ही चांगले जेवलात, पान खाल्लंत आणि ऊन उतरल्यावर बैलांच्या दमणीत बसून गेलात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी अंघोळ केली. सकाळी एकदा केलेली होती. धुतलेलं धोतर नेसले आणि मला म्हणाले, रानात जाऊन मोट बघून येतो. मी हो म्हटलं. तव्यावरची भाकर उलटली आणि मग लक्षात आलं की मोट आम्ही दसऱ्यालाच विकली होती.

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. भाकर जळून कोळसा झाली एवढं नंतर दिसलं. रानात गेले तर हे विहिरीच्या काठावर बसलेले. जोडे काढून शेजारी ठेवलेले, त्यावर पटका नीट घडी करून. माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तू कशाला आलीस? घरी जा. लोक बरं तरी बोलतील..."

मी म्हटलं, "लोक पुष्पाबाईला काय देऊन राह्यलेत ते बघून या. मंग बसा परत इथं. मी न्हाई अडवणार."

मी जोडे उचलले, त्यांच्या पायात घातले. माझ्या हाताला त्यांचे पाय थंड लागले, अश्विनातल्या उन्हात. पटका बांधायचं भान दोघांना नव्हतं. घरी गेलोच न्हाई. रानातून तशीच त्यांना बदरोद्दीन वकिलांच्या दारात घेऊन गेले, उघड्या डोक्यानं, सगळ्या बाजारातून. तेव्हा तुम्हाला जी लाज वाटते ती अदालतीची लाज ह्यांनी आणली नाही. मी आणली. दरखास्त देणारे हे, पण ओढत नेणारी तुमची बहीण.

वकिलांनी आम्हाला बसवलं, चहा दिला आणि जाड चष्म्यातून ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "ये गुन्हा नहीं है, नादारी है. देण्यासारखं जेवढं आहे तेवढं देऊन टाका, आणि जगा. कायदा एवढंच म्हणतो." सगळ्या तालुक्यात त्या दिवशी हे बोलणारा एकच माणूस निघाला, आणि तो फी घेणारा होता. सख्ख्या माणसांनी फुकट काय दिलं ते वर लिहिलंच आहे.

गुरुवारी बापू तुमच्या ओसरीवर येतील. लग्न ठेवायचं की मोडायचं ते उषाला विचारून ठरवा, ती काही आता रांगत नाही. पण त्या माणसाला हात धुवायला पाणी द्या, जेवू घाला, आणि ते वाक्य बोलू नका. ते विधुर आहेत दादा. त्यांच्यामागं पळत जाणारं घरात कोणी न्हाई.

तुमची धाकटी बहीण
दुर्गा


मस्तगड, जालना
वैशाख वद्य तृतीया, शके १८५४

तीर्थस्वरूप दादांना नमस्कार.

ऊन फार आहे. इकडं सगळं आहे तसं आहे. पुष्पाबाई आता आमच्या पडवीत राहते, खोकला थोडा कमी आहे.

तुम्ही पौषातल्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळं काल तुमचं अक्षर बघून मी जरा दचकलेच. तुम्ही काही लिहिलं नसलं तरी मला कळत होतं. उषा आणि मच्छिंद्र लग्नानंतर इथं चार दिवस राहून गेले. दोघांनी ह्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तिनंच सांगितलं की गुरुवारी बापू आले, जेवले, आणि तुम्ही संध्याकाळपर्यंत त्यांच्यासमोर गप्प बसून होता. जाताना फक्त एवढंच म्हणालात की लग्नापर्यंत बाहेर कळू देऊ नका. ते म्हणणं काही मोठ्या माणसाचं नव्हतं. पण तुम्ही गप्प बसलात, आणि बापू आपल्या पायांनी घरी गेले. त्यासाठी मी तुमचे उपकार मानते. एवढ्यासाठीच मानते. लग्नाला आम्ही आलो न्हाई याचा राग तुम्हालाही आला नाही, मलाही आला नाही. आम्ही दोघं येणार होतो, तुम्ही एकीला बोलावलं होतं.

चैत्रात हे बापूंना घेऊन वकिलाकडं जाऊन आले. दरखास्त दाखल झाली. आणि आता तुम्ही लिहिता की जाफराबादेत दवंडी पिटल्यासारखं झालंय, धर्मराजाचं सोनं भोकरदनला त्याच्या व्याह्याकडं पुरलेलं आहे. तुमच्या कडब्याच्या गंजीखाली कुणीतरी खणून गेलं. देवळात गेलात तर माणसं बोलणं थांबवतात. नंदावहिनींनी नवा चुडा भरला तर शेजारणींनी एकमेकींकडं बघितलं. तुम्ही कुणाचा एक छदाम लपवलेला नाही, मग लोक असं कसं बोलतात, असं तुम्ही मला विचारता. मी काय सांगू दादा. लोक असंच बोलतात. आम्ही हे खातच दिवस काढतो.

तुम्ही लिहिलंत की बापूंचे सगळे कागद ह्यांनी बघितलेत, म्हणून ह्यांनी येऊन चार माणसांत सांगावं की काकासाहेबांकडं काही ठेवलेलं नाही. दिवाळखोराच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतील असं तुम्हाला वाटायला लागलं, ह्याचं मला नवल वाटलं. पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, हसतील. हसले न्हाईत. म्हणाले, खरं आहे ते सांगायला काय जातं, जाऊ.

माझं मत विचारलं असतं तर मी तुम्हाला अजून महिनाभर तसंच राहू दिलं असतं. तुमच्याकडं काही पुरलेलं नाही हे मला ह्यांच्याइतकंच माहीत आहे. तेवढी हिंमत तुमच्यात कधीच नव्हती.

आम्ही सोमवारी निघतो. दोघं येतो. दिवसाढवळ्या येतो, बाजारातून चालत, समोरच्या दारानं. पंगतीत ह्यांचं पान तुमच्या पानाला लागून पाहिजे, आणि ज्यांच्यासमोर साक्ष द्यायची ती सगळी माणसं त्या पंगतीला पाहिजेत. त्यांनी विचारलं, हे पाहुणे कोण, तर तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं. काय सांगायचं ते सुचलं न्हाई तर हे पत्र वाचून दाखवा. ह्यांचं नाव मी आजवर कधी घेतलं न्हाई, लिहिलं न्हाई. तुमच्यासाठी खाली लिहिते, अदालतीच्या कागदावर बायकोच्या नावापुढं नवऱ्याचं लिहितात तसं.

दुर्गाबाई जौजे बद्रीनाथ, नादार,
साकिन मस्तगड, जालना